शकूरभाई आणि जावयाची गाडी

शकूरभाईंचा फोन आला की आधी गाडीची चौकशी व्हायची, माणसाची नंतर. "हां ताई, सलाम. गाडी बरी हाय ना? अन् तुमी?" हा क्रम कधी चुकला नाही. एका गिऱ्हाइकाचे वडील वारले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. शकूरभाईंनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाबूजीची गाडी आता कोन पुसते रे?" तोवर कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांना चहा देणारा तो मुलगा त्या एका प्रश्नाला रडला.

अमरावतीच्या एका दुचाकी शोरूममध्ये मी वॉरंटी आणि तक्रारींचं टेबल सांभाळते. हे याद्यांचं काम आहे आणि मला याद्या आवडतात. शकूरभाई विक्रीत होते. मूळचे अकोल्याचे. घर, बायको, मुलगा सगळं तिकडे. इथे एक खोली घेऊन राहायचे, सुटीला घरी जायचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी घडी घातलेलं पिवळं फडकं. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीवर बोट उमटलं की फडकं बाहेर यायचं. नवीन पोरं तोंडपाठ केलेली माहिती घडाघडा सांगू लागली की ते हळूच म्हणायचे, "बेटा, इकणाऱ्याचं तोंड लहान पाह्यजे अन् कान मोठे. तू उलटाच जल्मला."

लग्नसराई हा त्यांचा हंगाम. आमच्या वऱ्हाडात अजूनही पुष्कळ गाड्या लग्नात विकल्या जातात. मुलीचा बाप पैसे भरतो, गाडी त्याच्या नावावर निघते, हाराफुलांसकट मांडवाच्या दारात उभी राहते आणि मग जावयाच्या गावी निघून जाते. कायद्यात याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. पावतीवर कोणी लिहीत नाही. शकूरभाई गाडी पोचवायला स्वतः जायचे, नवरदेवाच्या हातात किल्ली द्यायचे आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे, "आता चिंता नोका करू. काई झालं तं मी हावो." असे ते किती बापांना म्हणाले असतील, त्यांनाच ठाऊक.

मग ती कंपनीची सूचना आली.

मॉडेल जुनं होतं. त्याचं उत्पादन बंद होऊनही बराच काळ लोटला होता. दोष साधा होता आणि वाईट होता. हँडल पूर्ण वळवलं की एक्सिलरेटरची केबल आतल्या एका पट्टीला घासायची. गाडी जुनी होत गेली, केबलला गंज चढला, की ती तिथेच अडकायची. मग मूठ सोडली तरी रेस कमी व्हायची नाही. गाडी धावतच राहायची. उपाय म्हणजे नवी केबल आणि नवी पट्टी, फुकट, अर्ध्या तासाचं काम. माझं काम होतं गाड्या शोधून आणण्याचं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना त्यातला थकवा सांगून कळणार नाही. फुकट म्हटलं की माणसं घाबरतात. "काहून फुकट? काय काढून घेता?" असं विचारतात. मालकांचे तीन प्रकार मी करून ठेवले होते. एक, येऊन गेलेले. दोन, "येतो ना, येतो" म्हणणारे. तीन, "गाडी इकली, आता काई मालूम नाही" म्हणणारे. तिसरा प्रकार रोज फुगत होता. एका दुपारी मी वैतागून पेन ठेवलं तेव्हा शकूरभाई मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून ती नावं वाचली आणि हसले. पण ते हसू थकलेलं होतं.

"ताई, या इकलेल्या गाड्या नाहीत. हे सारे सासरे हायेत."

मग त्यांनी मला समजावलं. पत्र जातं ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला, म्हणजे मुलीच्या बापाला. गाडी असते मुलीच्या सासरी. आता त्या बापानं तिकडे जाऊन काय सांगायचं? मी तुम्हाला दिलेली गाडी सदोष आहे, कंपनीच म्हणते आहे? मुलीला आयुष्यभर ऐकावं लागेल. त्यापेक्षा गाडी विकली म्हणणं सोपं.

"नामदेवभाऊचंच पाहा ना," ते एका नावावर बोट ठेवून म्हणाले. "गाडी इकली म्हन्ते. मीच पोचोली व्हती नांदगाव खंडेश्वरच्या तिकडं, पोरीच्या लग्नात."

नामदेवराव वलगावचे. शेवंती, झेंडू आणि भाजीपाला लावणारे, शकूरभाईंचे जुने मित्र. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते वांग्यांच्या टोपल्या भरत होते. शकूरभाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि माझ्या हातातली फाइल पाहून पडला.

"गाडी इकली म्हणे, भाऊ?" शकूरभाई म्हणाले.

"इकली."

"कोनाले?"

नामदेवरावांनी एक वांगं उचललं, किडकं आहे का पाहिलं, परत ठेवलं. "तुले मालूम आहे नं शकूर, मंग काहून इचारतं? वैशालीच्या सासूनं लग्नाच्या दिवशीच नाक मुरडलं व्हतं. पाटलाच्या सुनेनं मोठी गाडी आनली, आमच्या दारात हे फटफटी. पोरीनं कसंबसं निभावलं. आता मी जाऊन सांगू का, तेही खोटी निघाली?"

मी त्यांना दोष समजावून सांगितला. अपघाताचा धोका सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शकूरभाईंकडे पाहत राहिले. माणूस डॉक्टरचं ऐकतो आणि नातेवाइकाकडे पाहतो, तसं.

शकूरभाईंनी माझ्या हातातली फाइल घेऊन मिटली. मग म्हणाले, "धोंडा लागून राहिला नं पुढच्या महिन्यात?"

अधिक मास कधी येतो हे शकूरभाईंना आमच्या सगळ्यांपेक्षा आधी माहीत असायचं. कारण धंद्याचं होतं. "धोंड्यात लगन नाही, लगन नाही तं गाडी नाही," असं म्हणून ते त्या महिन्यात सुटी टाकायचे. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे वाढतात, वाण देतात. शकूरभाईंची योजना अशी की जावई त्याच गाडीवर येईल. तो जेवेल तोवर आमचा मेकॅनिक अंगणात केबल बदलेल. विचारलं तर सांगायचं की सासऱ्यानं धोंड्यानिमित्त गाडीला नवं सामान घालून दिलं. दोषाचा उल्लेख नाही, मुलीला टोमणा नाही, काम फत्ते.

नामदेवरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

मी परतताना भांडले. फॉर्मवर गाडी चालवणाऱ्याला दोषाची माहिती दिली असं लिहावं लागतं. आणि मधल्या आठवड्यांचं काय? शकूरभाईंनी माझं ऐकून तिथेच, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, जावयाला फोन लावला. जावयाचं नाव प्रवीण. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता.

"जावईबापू, गाडी बरी हाय ना? जुन्या गाडीची रेस कधी कधी अडकते बरं. तसं झालं तं पयले इंजिनचं बटन बंद करा."

तिकडून प्रवीण हसला. "मालूम हाय ना भाऊ. तिची खोडच हाय ते. माह्या हात आपोआपच बटनावर जाते."

शकूरभाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "झालं समाधान? चालोणाऱ्याले मालूम हाय."

झालं, असं मला त्या वेळी वाटलं. त्यांना तर वाटलंच.

धोंड्याच्या जेवणाला आम्ही वलगावला गेलो तो दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. नामदेवरावांच्या घरी तांब्याचं ताट, दिवा, अनारसे असं सगळं वाण मांडलेलं. शकूरभाईंनी नव्या केबलचं पाकीट त्या ताटात नेऊन ठेवलं, आणि नामदेवरावांच्या बायकोनं, काही न विचारता, त्यालाही हळदकुंकू लावलं. आमच्या मेकॅनिकनं ती कुंकू लागलेली केबल हातात घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड फिरवावं लागलं. प्रवीण खूश होता. "मामाजी, तुमी तं गाडीलेही वाण देल्लं!" तो म्हणाला आणि पाटावर बसला.

वैशाली त्याच्या मागे उभी होती. तिची पाच-सहा वर्षांची मुलगी पदर धरून. मुलीचा एक हात प्लास्टरमध्ये होता.

"काय झालं वो बेटा?" शकूरभाई खाली बसून म्हणाले.

"खेळता खेळता पडली," वैशाली घाईनं म्हणाली.

"खेळता नाही भाऊ," प्रवीण धोंड्यावर तूप ओतून घेत म्हणाला, "हिनं पाडली, मागच्या हप्त्यात. गाडीवरून. पान्याच्या टाकीच्या मोडीवर, वळता वळता. मी ड्युटीवर जातो जिनिंगच्या गाडीत, फटफटी घरीच राह्यते. शाळा लांब हाय, म्हनून हिले शिकोली. आता आईनं किल्लीच काढून घेतली."

शकूरभाई उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी घास खाल्ला नाही.

ते अंगणात आले, मागोमाग मी. थोड्या वेळानं वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मेकॅनिकनं जुनी केबल काढून पोत्यावर ठेवली होती. तिच्या वेटोळ्यात एका जागी वरचं आवरण फाटून गंजलेली तार दिसत होती. वैशालीनं तांब्या खाली ठेवला आणि ती तार पाहत राहिली.

"मी मूठ सोडली व्हती, भाऊ," ती म्हणाली. "सासूले सांगतलं, याइलेही सांगतलं, मी मूठ सोडली व्हती तरी गाडी पळाली. कोनी आयकलं नाही. मंग मलेच वाटाले लागलं का मीच पिरगाळली असन." मग तिनं मान वर केली. "तुमाले मालूम व्हतं?"

शकूरभाईंनी होकारार्थी मान हलवली.

"बाबाले?"

त्यांनी पुन्हा मान हलवली.

"माह्यी अब्रू जपत व्हते का तुमी सारे?" तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "अन् मी त्याच गाडीवर पोरीले रोज शाळेत सोडतो, हे कोनाले इचारावसंही नाही वाटलं."

आतून तिच्या आईनं हाक मारली. ती गेली.

प्रवीणनं हात धुऊन फॉर्मवर न वाचताच सही केली. गाडी दुरुस्त झाली. माझ्या यादीत एक नाव कमी झालं. परतीच्या वाटेवर शकूरभाई एवढंच बोलले, "गाडी कोन चालोते, हे म्या कधी इचारलंच नाही, ताई. कोनाच्या नावावर हाय तेवढंच इचारत राहिलो."

त्यानंतरचे दिवस ते शोरूममध्ये असून नसल्यासारखे होते. फडकं खिशातच राहायचं. मी माझ्या सवयीनं हिशेब मांडला, की गाडी आता सुरक्षित आहे, विषय संपला. ते म्हणाले, "गाडीचा संपला. पोरीचा कुठं संपला? गाडी निर्दोष, अन् ती गुन्हेगार." वैशाली आता मुलीला घेऊन शाळेपर्यंत पायी जात होती, उन्हात, आणि सासू रोज शेजारणीला ऐकवत होती की बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतं. तिच्या हाताची चूक नव्हती हे सांगायला एकच मार्ग होता. आणि तो नामदेवरावांच्या अब्रूवरून जात होता.

म्हणून ते आधी वलगावला गेले. नामदेवरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू तिथं गेला, तं मंग माह्या घरची पायरी चढू नको, शकूर." नामदेवरावांनी तो शब्द पाळला. रस्त्यात भेटले तरी मान वळवायचे. गेल्या हिवाळ्यात शकूरभाई झोपेतच गेले. अकोल्याला मयतीत नामदेवराव आले होते, गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून. खांदा द्यायला कोणी बोलावलं नाही, तरी ते पुढे झाले.

पण त्या वेळी शकूरभाई वैशालीच्या सासरी गेलेच. जाण्याआधी माझ्याकडे आले आणि जुनी केबल मागितली. बदललेलं सामान आम्हाला कंपनीला परत पाठवावं लागतं. मी नोंद करून ती एका दिवसासाठी दिली, आणि दिलेली वस्तू परत आणायची जबाबदारी माझी, असं म्हणून बरोबर गेले. खरं म्हणजे त्यांना एकटं जाऊ द्यायचं नव्हतं.

वैशालीची सासू ओट्यावर तूर निवडत बसली होती. वैशाली दारात. गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली, सीटवर धूळ. शकूरभाईंनी ओट्याच्या कडेला बूड टेकलं. वैशाली पाणी आणायला वळली तर म्हणाले, "थांब बेटा. पानी मंग घेतो."

त्यांनी पिशवीतून केबल काढली आणि तिची फाटलेली जागा बोटात धरून, हँडल वळल्यावर होते तशी वाकवली. "वयनी, जरा हे टोक वढा."

"मले काय करता त्याचं?"

"वढा तं खरं."

बाईंनी तुरीचे हात लुगड्याला पुसले आणि तार ओढली.

"आता सोडा."

बाईंनी सोडली. तार परत गेली नाही. ओढली होती तिथेच अडकून राहिली. बाईंनी ती पुन्हा हलवून पाहिली, नखानं ढकलून पाहिली.

"हे तुमच्या गाडीतली हाय," शकूरभाई म्हणाले. "मूठ सोडली तरी गाडी पळते ते ह्याच्यामुळं. कंपनीनं खराब बनोली, अन् म्या इकली. तुमच्या सुनेच्या हाताची चूक नव्हती. तिच्या जागी प्रवीन असता अन् बटन दाबाले उशीर झाला असता, तं तोही पडला असता."

बाई वैशालीकडे पाहत नव्हत्या. "हे व्याह्याले मालूम व्हतं?"

शकूरभाईंना खोटं बोलता आलं असतं. विक्रीत आयुष्य गेलं होतं.

"कागद त्याइच्या घरी आला व्हता. तुमी पोरीले बोलान म्हनून ते भेले. धोंड्यापरेंत थांबा, हे माह्यं डोकं."

"म्हंजे," बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "माह्या नातीचा हात मोडेपरेंत तुमी सारे शहाणे पंचांग पाहत बसले व्हते?"

"हो," शकूरभाई म्हणाले.

समजावणं नाही, माफी नाही. सुपातली तूर बाईंनी दोनदा पाखडली, त्यात खडा नव्हता तरी. मग उठून आत गेल्या. आत डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत किल्ली होती. ती त्यांनी सुनेच्या हातावर जवळजवळ आपटली.

"शाळा सुटली असन. पोरगी फाटकावर उभी असन उन्हात. जाय. अन् मोडीवर सावकाश घेजो."

वैशालीनं ओढणीनं तोंड-डोकं बांधलं. गाडीच्या सीटवरची धूळ हातानं पुसली. दोन-तीन किका मारल्यावर गाडी सुरू झाली. तिनं मूठ एकदा पिळली, सोडली, आवाज खाली येतो का ते मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. मग निघाली.

गल्ली सरळ जाते आणि पाण्याच्या टाकीपाशी एकदम वळते, तिथे हँडल पुरतं वळवावं लागतं. ओट्यावरून टाकी दिसत नाही. आम्ही तिघंही त्या दिशेला तोंड करून बसलो. आवाज टाकीपर्यंत गेला. कमी झाला. कमीच राहिला, एवढा वेळ की बाई अर्ध्या उठल्या. मग वळणापलीकडून पुन्हा वाढला आणि शाळेच्या रस्त्यानं लांब लांब जात राहिला.

तो ऐकू येईनासा होईपर्यंत शकूरभाई तसेच बसून होते.

"द्या वयनी," ते म्हणाले, "आता पानी द्या."